बोटाला कळतं, ते पाठीला कळत नाही

रोवणीचे दिवस संपत आले की संध्याकाळी आमच्या घरी एक मावशी यायची. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातलं आमचं गाव, भोवती धानाच्या बांध्या आणि बांध्यांच्या पलीकडे जंगल. आई पंधरा-वीस दिवस सकाळपासून दिवस मावळेपर्यंत चिखलात वाकून पऱ्हे लावायची. शेवटी तिची कंबर अशी धरायची, की चुलीपुढून उठतानाही भिंतीला हात लावावा लागे. मावशी आली की आई चटईवर पालथी पडायची. वाटीतलं तेल कोमट करून आणायचं काम माझ्याकडे होतं.

"कुठं दुखते वो?" मावशी विचारायची.

आई हात मागे नेऊन सगळ्या कमरेवरून फिरवायची. "इथं. म्हणजे इथून तिथपर्यंत सगळंच."

मावशी पुढे काही विचारत नसे. दोन्ही हात मानेपासून कमरेपर्यंत सावकाश खाली आणायची, पुन्हा वर न्यायची, पुन्हा खाली. तिसऱ्या-चौथ्या फेरीला तिचा अंगठा एका जागी थांबायचा. "इतंच हाये ना वो?" आणि आईच्या तोंडून निघालेला तो लांब हुंकार मला आजही ऐकू येतो. नेमकं तिथंच असायचं.

पाठ आईची, दुखणं आईचं. मग जागा मावशीला कशी सापडायची? मी एकदा विचारलं होतं. "हाताले समजते ना बाई," एवढंच तिनं सांगितलं. आता गेली काही वर्षं चंद्रपुरात मी स्वतः मालिश करून पोट भरते आणि मावशीच्या त्या एका वाक्यात किती शास्त्र भरलं होतं ते मला रोज थोडं थोडं उलगडतं.

जंगलाचा नकाशा, गावाचा नकाशा

घरी एक प्रयोग करून बघा. काडेपेटीतल्या दोन काड्या घ्या. कुणाला तरी डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही काड्यांची टोकं एकदम त्याच्या बोटाच्या टोकाला हलकेच टेकवा. काड्यांमध्ये दोन-तीन मिलिमीटरचं अंतर असलं, तरी तो "दोन" असं बरोबर सांगेल. आता त्याच काड्या त्याच्या पाठीला टेकवा. दोन्हींमध्ये दोन बोटांचं अंतर ठेवा, तरी तो ठामपणे "एकच" म्हणेल. पाठीवर दोन टोकं वेगळी कळायला साधारण चार सेंटिमीटर अंतर लागतं.

कातडी तर एकच, मग हा फरक कसा? कातडीखाली स्पर्श टिपणाऱ्या बारीक बारीक यंत्रणा असतात. दाब, थरथर, ताण, घसरणं अशा गोष्टी प्रत्येकीला वेगवेगळ्या कळतात. आपल्या एका तळहातावर आणि त्याच्या बोटांवर मिळून अशा सुमारे १७,००० यंत्रणा आहेत आणि त्यांची सर्वांत दाट वस्ती बोटांच्या टोकांशी आहे. पाठीवर त्या विरळ आहेत. मेंदूतही हाच हिशेब चालतो. शरीराच्या प्रत्येक भागासाठी मेंदूत थोडी जागा राखलेली असते, आणि बोटांच्या वाट्याला आलेली जागा पाठीच्या मानाने कितीतरी मोठी आहे.

आमच्या भागातल्या माणसाला हे चटकन कळेल असं सांगते. तलाठ्याकडच्या गावाच्या नकाशात बांधी न् बांधी दिसते, धुरा दिसतो, कुणाची विहीर कुठे तेही दिसतं. जंगलाच्या नकाशात मात्र मोठाल्या पट्ट्याला एकच कक्ष क्रमांक दिलेला असतो. त्या कक्षात कुठल्या झाडाखाली आग लागली हे नकाशा सांगत नाही, अमुक कक्षात धूर दिसतो एवढंच सांगतो. आपली पाठ मेंदूला अशी दिसते. त्यातून दुखणं खोल स्नायूतलं असलं, तर तिथून निघालेले मज्जातंतू पाठीच्या कण्यात इतर ठिकाणच्या तंतूंना मिळतात आणि निरोप आणखी पसरट होतो. म्हणून आईचा हात सगळ्या कमरेवर फिरायचा. ती खोटं बोलत नव्हती की वाढवून सांगत नव्हती. तिच्याकडे तेवढाच नकाशा होता. मावशीच्या बोटांकडे मात्र गावाचा नकाशा होता.

तेल हाडापर्यंत जातं का?

प्रत्येक घरात ऐकू येणारं वाक्य आहे: चांगलं चोळलं की तेल हाडात मुरतं. तसं होत नाही. तेल कातडीच्या सर्वांत वरच्या थरात राहतं. तिथं ते कातडीतला ओलावा धरून ठेवतं, आणि तेवढं कामही थोडकं नाही. पण मालिश करणाऱ्याला तेल लागतं ते आणखी एका कारणाने, आणि हे कारण मला फार आवडतं.

बोट एका जागी दाबून धरलं, तर त्याला फारसं कळत नाही. ते सरकलं की कळायला लागतं. कापड घेताना आपण त्यावरून बोट फिरवतो, नुसतं टेकवत नाही, ते यासाठीच. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं, की फिरत्या बोटाला १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्याही ओळखता येतात. केसाची जाडी याच्या काही हजार पट असते. पण कोरडं बोट कोरड्या कातडीवर अडखळत सरकतं आणि त्या अडखळण्याचाच इतका गलबला होतो, की खालचा बारीक उंचवटा त्यात बुडून जातो. मध्ये एखादा पातळ थर आला, की अडखळणं थांबतं आणि उंचवटा तेवढा उरतो. १९७५ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत असा प्रयोग छापून आला होता. बोट आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये पातळ कागद ठेवला, तर उंचसखलपणा अधिक नीट कळतो, असं त्यात दिसलं. गाडीच्या पत्र्याचा पोचा काढणारा कारागीर फडक्यावरून हात फिरवून पत्रा तपासतो, तेही याच तत्त्वावर.

म्हणजे तेल हा मालिश करणाऱ्याचा चष्मा आहे. कुठलं तेल, हा प्रश्न त्यानंतरचा. आमच्याकडे तीळ आणि जवस तर आहेतच, शिवाय मोहाच्या बियांचं, म्हणजे टोळीचं तेल. थंडीत ते लोण्यासारखं थिजतं, म्हणून वाटी निखाऱ्याजवळ ठेवावी लागते. मोहाची फुलं सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत, टोळी फारशी कुणाला ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं. हातावर घेतलं की ते अंगाच्या उबेनं वितळत जातं आणि बराच वेळ बोटाखाली टिकतं.

बाजेची दोरी

आता त्या पाठीत झालेलं असतं तरी काय, ते बघू. माणूस थोडा वाकतो, तेव्हा पाठीचे स्नायू त्याला धरून ठेवतात. पूर्ण वाकला की एक नवल घडतं. हे स्नायू जवळजवळ गप्प होतात आणि सगळा भार मणक्यांना बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांवर, म्हणजे अस्थिबंधांवर येतो. रोवणी करणारी बाई अशी तासन् तास त्या पट्ट्यांवर लोंबकळत असते. नव्या दोरीने विणलेल्या बाजेवर रोज कुणी झोपलं, की दोरी हळूहळू सैल पडून बाज खोलगट होते. या पट्ट्यांचंही तसंच होतं, त्या ताणल्या जातात आणि उभं राहिल्यावर लगेच पूर्ववत होत नाहीत. मणक्यांना सैलावा आला असं कळताच आजूबाजूचे स्नायू राखणीला धावतात आणि आखडून बसतात. "कंबर धरली" असं आपण म्हणतो, त्यात हा आखडलेपणाही असतो.

वाकून काम करणाऱ्यांना तो वर्षभर सोबत करतो. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणं, पावसाळ्यात रोवणी, मग कापणी. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या शोधग्राममध्ये मुंबईच्या डॉ. शेखर भोजराज यांच्या स्पाइन फाउंडेशनने पाठीच्या दुखण्यावर काम उभं केलं, ते उगाच नव्हे. चंद्रपुरात माझ्याकडे येणाऱ्या पाठी वेगळ्या. खाणीत डंपर चालवणाऱ्याची पाठ आठ-आठ तास हादरे खाऊन आलेली असते, कमरेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दोन दांड्यांसारखे ताठ. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचं दुखणं वर चढून मानेच्या बुडाशी बसलेलं असतं. काही वर्षांनी पाठीवर हात ठेवून धंद्याचा अंदाज बांधता येतो. माझा अंदाज चुकतोही, पण तो बरोबर आल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्यासाठी मी हे काम करते असं म्हटलं तरी चालेल.

बोटाखाली लागते ती 'गाठ' म्हणजे खरी गाठ नव्हे. दोरीला पडते तशी गाठ स्नायूत पडत नाही. तो आखडून राहिलेला, दाबल्यावर दुखणारा भाग असतो, आणि तो नेमका कशाने तसा राहतो याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. मालिशने ती 'फोडायची' नसते. दुसरा एक गैरसमजही मोडायला हवा. कष्टानंतर अंगात लॅक्टिक ॲसिड साचतं आणि मालिशने ते निघून जातं, असं सांगतात. ते ॲसिड काम थांबल्यावर तास-दीड तासात शरीर आपणच वापरून टाकतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१२ मध्ये ११ तरुणांना दमवून त्यांच्या एका पायाला मालिश केली आणि दोन्ही पायांच्या स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासले. लॅक्टिक ॲसिडमध्ये फरक नव्हता. पण मालिश झालेल्या पायात सूज वाढवणारे रासायनिक संदेश कमी झालेले होते. हाताचा दाब पेशींपर्यंत पोचतो, याचा तो फार चांगला पुरावा आहे.

वननाक्यावरचं फाटक

ठेच लागली की आपला हात आपोआप अंगठ्याकडे जातो आणि आपण तो चोळतो. कुणी शिकवलेलं नसतं. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी यामागची कल्पना मांडली.

जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर वनखात्याचा नाका असतो, आडवा दांडा असतो. समजा दोन तऱ्हेची वाहनं त्या नाक्यावर येतात. स्पर्शाचा निरोप आणणारे जाड मज्जातंतू म्हणजे एस. टी. बस: सेकंदाला ५० मीटरच्या आसपास वेग. रेंगाळणारी, ठणकणारी वेदना आणणारे बारीक तंतू म्हणजे सायकल: सेकंदाला एखादाच मीटर. ठेच लागल्यावर आधी 'लागलं' हे कळतं आणि कळ मागून येते, ती या सायकलवरून. नाका आहे पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत. तिथून पुढे मेंदूकडे जाणारी वाट अरुंद आहे. चोळायला लागलं की बसगाड्यांची रांग लागते, नाकेदार त्यांना सोडण्यात गुंततो आणि सायकलींसाठी दांडा अर्धामुर्धा खाली येतो. वेदना कमी निघते असं नव्हे, ती कमी पोचते.

मूळ सिद्धांतात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. दांडा वर-खाली करण्याचा हुकूम मेंदूकडूनही येतो, हे त्यातलं महत्त्वाचं. म्हणून भीती वाटत असली की दुखणं वाढतं, आणि विश्वासाच्या माणसाचा हात लागला की त्याच दाबाने जास्त आराम पडतो. या आरामाला मर्यादाही आहे. कंबरदुखीवर मालिशचे २५ प्रयोग, तीन हजारांहून अधिक माणसं, अशा सगळ्यांचा कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये आढावा घेतला. थोड्या काळासाठी आराम पडतो, पण पुरावा कच्चा आहे आणि लांबचा फायदा दिसत नाही, असा त्याचा सूर होता. मी माझ्याकडे येणाऱ्यांना हे सांगते. दुखणं हलकं झालेल्या त्या चार दिवसांत चालायला, कंबरेचे व्यायाम करायला लागा, तर त्या हलकेपणाचं चीज होईल.

मावशी घाई का करत नव्हती

चिखलणी केलेल्या बांधीत पाय ठेवायची एक रीत असते. धाडकन पाय आपटला तर चिखल अडवतो, उडतो. सावकाश भार दिला तर तोच चिखल वाट देतो. स्नायूचं असंच आहे, आणि त्याला कारण आहे. प्रत्येक स्नायूत ताण मोजणारे बारीक पहारेकरी असतात. अचानक जोराचा ताण आला की ते मज्जारज्जूला खबर देतात आणि स्नायू उलटा आखडतो. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात आणि पाय उडतो, तो याच वाटेने. म्हणून दणादणा रगडणारा हात स्नायूशी भांडत बसतो. हळूहळू दाब वाढवणाऱ्या हाताने हे पहारेकरी फारसे बिथरत नाहीत.

हळू हाताला आणखी एक वाट खुली असते. तळहात सोडून बहुतेक कातडीवर, जिथे बारीक लव असते तिथे, एका खास जातीचे तंतू आहेत. टोचणं, रुतणं यांच्याशी त्यांना देणंघेणं नाही. हळुवार, कोमट, सरकता स्पर्श झाला की ते जागे होतात, आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी त्यांचा वेगही मोजला. हात सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर या चालीने सरकला की ते उत्तर देतात, आणि सर्वांत मोकळेपणी सुमारे ३ सेंटिमीटरला. यापेक्षा भरभर किंवा फार रेंगाळत हात फिरला तर त्यांचं उत्तर मंदावतं. त्यांचा निरोप मेंदूच्या ज्या भागात जातो, तिथे 'कुठे लागलं' याचा हिशेब नसतो, 'कसं वाटलं' याचा असतो.

मानेपासून कमरेपर्यंत सुमारे ४५ सेंटिमीटर. म्हणजे एका फेरीला १५ सेकंद. मी एकदा घड्याळ समोर ठेवून सहकारिणीच्या पाठीवर हे मोजलं, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की १५ सेकंद हा किती मोठा वेळ असतो. नव्या शिकाऊ मुली ते पाचात उरकतात. मावशीने कधी घड्याळ बघितलं नव्हतं, पण तिच्या हाताची चाल तीच होती.

चौकट: हात कधी आवरायचा

एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर चोळू नये. आत शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. असा माणूस सरळ दवाखान्यात न्यावा.

पडल्यावर हाड मोडल्याची शंका असेल, ताप असेल, कातडीवर फोड किंवा जखम असेल, तर मालिश थांबवावी.

कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर एक दिवसही घालवू नये.

तान्ह्या बाळाच्या नाका-कानात तेल घालू नये, छाती पिळू नये, हातपाय ओढू नयेत. थंडीत उघडं ठेवून बराच वेळ चोळू नये. बाळ गार पडणं हा मोठा धोका आहे.

तान्ह्या बाळाला दाब कळतो

बाळाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे मालिशचं नाव निघालं की आधी बाळंतघर आठवतं. अमेरिकेत मायामीला टिफनी फील्ड या संशोधिकेने १९८६ मध्ये दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना रोज १५ मिनिटं तीनदा, असं १० दिवस अंगावरून हात फिरवून बघितलं. हात न फिरवलेल्या बाळांपेक्षा त्यांचं वजन दररोज ४७ टक्के जास्त वाढलं, आणि ती सहा दिवस आधी घरी गेली. त्यांच्या पुढच्या अभ्यासात कळलं, की हलका, गुदगुल्यांसारखा स्पर्श बाळाला आवडत नाही. थोडा भरीव दाब लागतो. पाय लांब करून नडग्यांवर बाळाला घेऊन बसणाऱ्या आपल्या आज्यांचा हात तसाच भरीव असतो. मात्र त्यातली ओढाताण आणि पिळणं आता सोडून द्यायला हवं. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च'च्या आरोग्यदूत बायकांनी ३९ गावांत घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि दर हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ वरून २५ च्या आसपास आणले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं. बाळाला उबेत ठेवणं हा त्या कामातला एक मोठा भाग होता. तेल लावा, पण बाळ गुंडाळलेलं राहू द्या, एकेक हातपाय बाहेर काढून लावा.

बोटांनी ओळखलेला रोग

चंद्रपूर आणि गडचिरोली हे कुष्ठरोगाचे जुने जिल्हे. वरोऱ्याजवळ आनंदवन उभं राहिलं त्याच्या मुळाशी एका स्पर्शाची गोष्ट आहे. पावसात गटाराकडेला पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी बघून बाबा आमटे आधी घाबरून दूर गेले. मग स्वतःच्या त्या भीतीने अस्वस्थ होऊन परत आले आणि त्याची सेवा केली. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली.

हा रोग स्पर्शाच्याच मुळावर येतो. जंतू अंगातल्या थंड जागी, कातडीजवळच्या मज्जातंतूंत घर करतात. तंतू सुजून जाड होतो. तपासणारा आरोग्यसेवक कोपराच्या आतल्या हाडामागे बोट फिरवतो आणि तिथला तंतू दोरीसारखा जाड लागतो का बघतो. इथेही फिरतं बोटच रोग वाचतं. तंतू मेला की बधिरपणा येतो, बोटं वाकडी होतात, घाम थांबतो आणि कातडी कोरडी पडून भेगाळते. त्या भेगांतून जखमा, जखमांतून बोटं झडणं. औषधाने जंतू मरतात, पण मेलेला तंतू परत येत नाही. म्हणून रोग बरा झालेल्या माणसाला एक साधी गोष्ट रोज आयुष्यभर करायला शिकवतात. हातपाय वीस मिनिटं पाण्यात भिजवायचे, मऊ झालेली जाड कातडी घासून काढायची, अंग ओलं असतानाच तेल चोळायचं आणि एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं सरळ करायची. ज्या हाताला काहीच कळत नाही, तो हात डोळ्यांच्या भरवशावर दुसऱ्या हाताला चोळतो. माझ्या धंद्यातलं मला माहीत असलेलं हे सर्वांत मोलाचं काम आहे, आणि त्याचे पैसे कुणी मागत नाही.

एरवी आपलाच हात आपल्याला फारसा आराम देत नाही. स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत, त्याच कारणाने. १९९८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवलं, की आपण हात हलवला की लहान मेंदू त्या स्पर्शाचा अंदाज आधीच पुढे कळवतो आणि मेंदू तो स्पर्श फिका करून टाकतो. दुसऱ्याचा हात कुठे जाईल, किती दाबेल, हे आधी कळत नाही. म्हणून तो पूर्ण जाणवतो.

वर्तमानपत्राखालचा केस

मावशीला मजुरी म्हणून दोन पायल्या तांदूळ मिळायचे, बाळंतिणीच्या घरचं काम असलं तर वर एक लुगडं. तिच्या हातातलं कसब कुणी कसब म्हणून मोजलं नाही. जपानात आंधळ्या माणसांनी सतराव्या शतकात हाच धंदा हाती घेतला. सुगियामा वाइची नावाच्या अंध वैद्याने त्यांच्यासाठी शाळा काढल्या, आणि आजही तिथे मालिश करायला सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. आमच्या सुईणी आणि मालिशवाल्या बायकांना तेवढा मान कधीच मिळाला नाही, याची मला चीड येते.

हे कसब शिकता येतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीला मी पहिल्या दिवशी तेलाला हात लावू देत नाही. टेबलावर डोक्यातला एक लांब केस ठेवायचा, त्यावर वर्तमानपत्राचं एक पान. डोळे मिटून बोटांनी केस शोधायचा. सापडला की दुसरं पान, मग तिसरं. सुरुवातीला मुली जोर लावून दाबतात आणि केस हरवतो. दाब कमी केला की सापडतो. महिन्याभरात त्याच मुली जास्त पानांखालचा केस शोधतात. बोटांतल्या यंत्रणा काही वाढत नाहीत, वाढतं ते मेंदूचं लक्ष. ब्रेल वाचणाऱ्यांच्या मेंदूत वाचणाऱ्या बोटाची जागा रुंदावलेली आढळली आहे. सराव खरोखर नकाशा बदलतो.

दुसरा धडा अंगठा वाचवण्याचा. अंगठ्याच्या टोकाने एक किलो भार दिला, तर त्याच्या बुडाच्या सांध्यावर सुमारे १२ किलो येतो. रोज सात-आठ माणसं अशी दाबली, तर काही वर्षांत सांधा जातो आणि धंदाही. म्हणून जोर हाताने लावायचाच नाही. कोपर सरळ, खांदा त्याच्यावर, आणि भार कमरेतून पुढे सोडायचा. जातं ओढणारी बाई मनगटाने ओढत नाही, सगळं अंग झुलवते, तसं. ते जमलं की एक वेगळीच लय येते. समोरच्याचा श्वास बाहेर जाताना आपला भार आत जातो, तो श्वास घेतो तेव्हा आपण मागे येतो. चाळीस मिनिटं अशी गेली की खोलीत कुणी बोलत नाही आणि मला हातांव्यतिरिक्त काही आठवत नाही. गाणारी माणसं सूर लागल्याचं सांगतात, ते असंच काहीसं असावं.

गेल्या पावसाळ्यात गावी गेले, तेव्हा मावशीकडे गेले होते. बोटांचे सांधे सुजलेले, बाजेवर बसून होती. तेलाची वाटी मी घरूनच गरम करून नेली होती. तिला पालथं झोपवून विचारलं, "कुठं दुखते मावशी?"

तिनं हात मागे नेला आणि कमरेवरून इकडून तिकडे फिरवला. "इतंच बाई. म्हणजे सगळंच."

मी मानेशी हात ठेवले आणि सावकाश खाली आणले. दुसऱ्या फेरीत काही लागलं नाही. तिसऱ्या फेरीला डाव्या बाजूला, शेवटच्या बरगडीच्या खाली, अंगठा थांबला.